भिंतीच्या पोटात

जालन्यात घर बांधायला काढलं की आधी खोल्या किती ते ठरतं, मग स्लॅब कोणत्या महिन्यात टाकायचा ते, मग फरशीचा रंग. सामान कुठे राहणार, हा प्रश्न वास्तुशांत झाल्यावर जुन्या घरातून टेम्पो भरून आला की उभा राहतो. तोवर भिंती चढलेल्या असतात, वायरिंग झालेलं असतं, हातातले पैसे संपत आलेले असतात. मग सुतार बोलावून मोकळी भिंत दिसेल तिथे कपाट करायचं, पलंगाखाली पेट्या करायच्या, दारांवर माळे काढायचे. दोन वर्षांत घर भरतं आणि माणसं कडेकडेने चालू लागतात. हा प्रश्न नकाशाच्या पहिल्या रेघेपाशी आणावा, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

न दिसणारी साठवण आणि एकाहून जास्त कामांना येणारी जागा, हा त्याचा विषय. सजावटीची मासिकं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून तो मुंबई-पुण्याच्या फ्लॅटचा वाटतो. इथे जागेला काय तोटा, गावाकडे अंगण आहे, वर गच्ची आहे, असं म्हणून तो बाजूला सारला जातो. वस्तुस्थिती उलटी आहे. जालना, अंबड, भोकरदन, घनसावंगी, परतूर या भागातल्या जुन्या घरांनी साठवण जितक्या कसबाने भिंतीत जिरवली होती, तितकं कसब आजच्या कुठल्याही कॅटलॉगमध्ये मला दिसलेलं नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

जुन्या वाड्याची भिंत दोन-अडीच फूट जाडीची. बाहेरून दगड किंवा वीट, आत पांढऱ्या मातीचा भराव. ही जाडी माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, वजन पेलण्यासाठी आणि उन्हाळ्यात गारवा राखण्यासाठी होती. पण जाडी मिळालीच आहे म्हटल्यावर घर बांधणाऱ्यांनी तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला. दाराशेजारी हात पोचेल अशा उंचीवर दिव्याची देवळी. चुलीजवळ मीठ-तिखटाचे कोनाडे. माजघरात लाकडी चौकट आणि दोन झडपा बसवलेलं फडताळ; ते भिंतीच्या पृष्ठभागाबाहेर बोटभरही येत नाही, त्यामुळे खोलीची इंचभरही जागा जात नाही. वर तुळईला खुंट्या, कपड्यांची दांडी, दुभत्याचं शिंकं. सामान जमिनीवर कमी आणि भिंतीत व छतालगत जास्त. म्हणून लहानशा माजघरातही पंगत बसू शकत होती.

थोरल्या दाराचा अडसर तर भिंतीतच राहायचा. दाराच्या एका अंगाला भिंतीत दाराच्या रुंदीएवढी खोल खोबण ठेवलेली असे. दिवसा अडसर तिच्यात ढकललेला, फक्त टोकाची कडी बाहेर. रात्री ती कडी धरून ओढलं की अख्खा वासा भिंतीतून बाहेर सरकत येऊन पलीकडच्या खोबणीत बसायचा. भिंतीत सरकून नाहीसं होणारं दार आज मोठ्या शहरातले इंटिरिअरवाले महागात बसवून देतात. त्याची सगळी युक्ती या अडसरात आहे. तो आणखी एक गोष्ट शिकवतो: भिंतीत काही लपवायचं असेल तर त्याची जागा बांधकाम चालू असतानाच सोडावी लागते, नंतर छिन्नी मारून ती मिळत नाही. मिळवायला गेलं तर भिंत दुबळी होते.

आणि बळद. दोन भिंतींमध्ये मुद्दाम सोडलेली अरुंद जागा, तिला खिडकी नाही, दार नाही. तोंड वर, माळवदावर. खळं झालं की धान्य माळवदावर चढवायचं आणि वरून ओतायचं. खाली माजघराच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मनगट जाईल एवढं भोक आणि त्याला चिंध्यांचा घट्ट बोळा. बोळा काढला की ज्वारी आपल्या वजनाने सुपात उतरते, पुरेशी झाली की बोळा परत बसवायचा. आतून शेणमातीचा लेप, धान्यात कडुनिंबाचा पाला. पाहुण्याला नुसती सारवलेली भिंत दिसते. भरण्याचं काम अवघड, पण ते वर्षातून एकदा आणि घरातली गडीमाणसं मिळून करणार. काढण्याचं काम रोजचं, ते घरातल्या एकट्या बाईला वाकल्या जागी जमलं पाहिजे. साठवणीच्या जागेची कसोटी याहून नेमकी मला अजून कुठे सापडलेली नाही, आणि या पुस्तकातलं प्रत्येक कपाट, पेटी आणि माळा मी याच कसोटीवर घासून पाहिला आहे.

पेवाची रीत वेगळी. गावठाणातल्या घट्ट पांढरीत खणलेला, तोंडाशी निमुळता आणि पोटात रुंद असा खड्डा. आतून काडाचं अस्तर, तोंडावर दगड आणि माती. पेव रोज उघडायचं नसतं, ते दुष्काळासाठी आणि लग्नकार्यासाठी. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जीव घेते. आधी दिवा सोडून पाहायचा, हे लहान पोरांनाही ठाऊक असे. रोजचं बळदात आणि अडीअडचणीचं पेवात, अशी वाटणी होती. आज आपण रोजचा कुकर आणि पाच वर्षांतून एकदा लागणारं पितळी घंगाळ एकाच माळ्यावर टाकतो आणि मग जागा अपुरी आहे म्हणतो.

ही परंपरा फार मागे जाते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन घरांमध्ये धान्याचे खड्डे आणि कोठाराच्या खुणा मिळाल्या. आपल्या भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याच्या विहारांत भिक्खूंच्या खोल्यांमधले झोपायचे ओटे दगडातच कोरलेले आहेत. पलंग भिंतीचाच भाग करायचा, ही कल्पना त्यामुळे या मुलखाला नवी नाही.

साठवणीइतकीच महत्त्वाची दुसरी बाजू म्हणजे खोलीचं काम बदलणं. जुन्या घरात झोपायची खोली नावाची खोली नव्हती. ओसरीवर सकाळी निवडणं-टिपणं, दुपारी आल्यागेल्याची बैठक, रात्री बाजा टाकून झोपणं. शहराच्या नवा जालना भागातल्या व्यापारी पेढीवर दिवसा गादीवर बसून उतरत्या झाकणाच्या लाकडी पेटीवर हिशोब लिहिला जाई, वह्या त्याच पेटीत जात, आणि रात्री मुनीम त्याच गादीवर झोपे. माजघर थंडीत झोपायला, उन्हाळ्यात दुपारी पडायला, बाळंतिणीला, आजाऱ्याला. हे सगळं चालायचं, कारण अंगावर घ्यायची वाकळ आणि अंगाखालची सतरंजी गुंडाळून ठेवायला जागा होती आणि खोली अडवून बसणारं जड सामान नव्हतं.

यातलं ढाळज मला सर्वांत जास्त विचार करायला लावतं. वाड्याच्या दरवाजातून आत येताच डाव्या-उजव्या हाताला उंच बैठकीची जागा, ते ढाळज. त्यात जायला घरातून जावं लागत नाही. म्हणून तिथे वाटसरू उतरू शकला, हिशोब होऊ शकला, शाळा भरू शकली, म्हातारं माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत दिवसभर बसू शकलं, आणि आतल्या बायकांच्या कामात खंड पडला नाही. खोलीला दोन वाटा असतील, एक घरातून आणि एक बाहेरून, तरच ती खऱ्या अर्थाने दोन कामांची होते. सरकते पडदे आणि घडीचे पलंग नंतरचे. दुसरा दरवाजा नसेल तर ते सगळं वरवरचं राहतं. एका जास्तीच्या दाराचा खर्च घडीच्या पलंगापेक्षा पुष्कळ कमी असतो.

शिवाय माळवदाचं घर खणांनी मोजलं जाई. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. घर तीन खणांचं, पाच खणांचं. घराच्या आत छताचा भार खांब आणि तुळया घेत असल्यामुळे मधली आडभिंत कुठल्याही खणाशी उभी करता येई किंवा काढून टाकता येई. भावाभावांत वाटणी झाली तर वाडा खणांवर वाटला जाई. ज्याला आज मॉड्युलर म्हणतात त्याचं गणित या खणांच्या घरात आधीपासून होतं.

हे सगळं मोडलं कसं, ते नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर जुन्याच्या आठवणींत रमण्यापलीकडे आपण जाणार नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, आणि पुढे हा जिल्हा बियाण्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. घराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, पुढच्या वर्षीचं बी राखेत घोळून गाडग्यात भरून उतरंडीत जपायचं काम हळूहळू घराबाहेर गेलं. बी पुडीतून येऊ लागलं. १९७२ च्या दुष्काळात पेवं-बळदं तळाला गेली. पुढच्या काळात माल खळ्यावरून थेट मोंढ्यावर जाऊ लागला, आणि घरात वर्षभराचं धान्य भरण्याऐवजी लागेल तसं आणायची सवय लागली. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागातली हजारो माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. त्यानंतर सगळ्या मराठवाड्यात जाड भिंतीची धास्ती बसली, आणि ती चुकीची नव्हती. ज्यांना शक्य झालं त्यांनी स्लॅब टाकला, बाकीच्यांनी पत्रे घातले. जुन्या घरांचं कौतुक करताना मला ही पहाट विसरता येत नाही. या पुस्तकात कुठेही माती-दगडाची जाड भिंत पुन्हा बांधा असं सुचवलेलं नाही.

पण अडीच फुटांची भिंत नऊ इंचांवर आली आणि आतली साडेचार इंचांवर, तेव्हा कोनाडा, फडताळ, देवळी, बळद हे सगळं तिच्यातून बाहेर पडलं. ते सामान आता खोलीत येऊन उभं राहिलं. मधल्या काही दशकांत आपण त्याला कसं तोंड दिलं, ते या जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या कॉलनीत पाहता येतं. एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या पेट्या आणि वर भरतकामाचा रुमाल. हुंड्यात किंवा आहेरात आलेलं गोदरेजचं लोखंडी कपाट, ज्याच्या आतल्या तिजोरीच्या कप्प्यात दागिने, सातबारा आणि मुलांच्या मार्कशीटा एकत्र राहतात. भिंतीला काटकोनात उभ्या केलेल्या कडप्प्याच्या फळ्या आणि त्यांवर पडदा. आणि दिवाण: वर बसायचं, झोपायचं, आत गाद्या-रजया भरायच्या. कडप्प्याच्या मांडणीला मी मनापासून मान देते. तिला वाळवी लागत नाही, ती पाण्याने फुगत नाही, पुसली की स्वच्छ होते, आणि जालन्याचा कुठलाही गवंडी ती दोन दिवसांत उभी करतो. तिच्यावर फक्त चांगली दारं बसवायची राहून गेली.

मुंबईत याच प्रश्नाचा वेगळा अभ्यास झाला. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात स्वयंपाक, मोरी, अभ्यास, बाळंतपण आणि गावाहून आलेला पुतण्या. पोटमाळा, खाटेखालच्या ट्रंका, दिवसा उभी करून ठेवलेली घडीची खाट आणि रात्री गॅलरीत पडणारी अंथरुणं, यांवर तीन-तीन पिढ्या निघाल्या. मराठी माणसाच्या लहान घराच्या शहाणपणाचा मोठा भाग या चाळींतून आला आहे. जालन्याच्या कितीतरी घरांत तो मुंबईला गेलेल्या काकांबरोबर परत आला.

बाहेरच्या जगात या विषयाचे ढोबळमानाने दोन प्रवाह दिसतात. एक खोली रिकामी ठेवणारा. जपानी घरात चटईची खोली दिवसभर मोकळी असते; गाद्या सरकत्या दारांमागच्या खोल कपाटात जातात, रात्री त्याच खोलीत पसरतात. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहरात वास्तुकार खेरिट रिटफेल्ड यांनी १९२४ साली ट्रूस श्रोडर या बाईंसाठी बांधलेल्या घराचा वरचा मजला म्हणजे एक सलग जागा आहे. भिंती सरकवल्या की तिच्या खोल्या होतात, परत सरकवल्या की दिवाणखाना. त्या घराच्या कल्पनेत मालकिणीचा वाटा वास्तुकाराइतकाच होता. दुसरा प्रवाह सामान हुशार करणारा. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी आखलेलं स्वयंपाकघर, ज्यात बाईची पावलं मोजून प्रत्येक डब्याची जागा ठरवली होती. अमेरिकेतला भिंतीत उभा मिटणारा मर्फी पलंग. आणि हाँगकाँगमध्ये गॅरी चँग या वास्तुकाराने आपल्याच ३२ चौरस मीटरच्या घरात रुळांवर सरकणाऱ्या भिंती बसवून साधलेल्या २४ प्रकारच्या मांडण्या. आपल्याकडे चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईतल्या बेलापूरला जी घरं केली, त्यांत प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र ठेवल्या, म्हणजे कुटुंब वाढलं तर शेजाऱ्याला धक्का न लावता घरही वाढावं.

माझा कल उघडच पहिल्या प्रवाहाकडे आहे. रूळ, गॅसचे पंप, आपोआप हळू मिटणाऱ्या बिजागऱ्या यांना जालन्याची धूळ सोसत नाही. मार्च ते जून इथे दारं-खिडक्या बंद ठेवल्या तरी बारीक माती आत येते आणि जमिनीतल्या रुळांच्या खाचेत बसते. सरकतं दार करायचंच असेल तर ते वरून लटकवावं. पंपाचा पलंग नवा असताना एका हाताने उचलला जातो. तीन वर्षांनी पंप उतरला की तो उघडायला घरातला धडधाकट पुरुष लागतो, आणि ज्या सासूबाईंच्या रजया आत आहेत त्यांना मुलाची वाट पाहत बसावं लागतं. बळदाच्या कसोटीवर तो तिथेच नापास होतो. बाजूने ओढायचे खण जागा थोडी जास्त घेतात, पण ते सातव्या वर्षीही उघडतात.

या जिल्ह्यातल्या घराला घराचं म्हणून एक वर्ष असतं, आणि ते समजल्याशिवाय कपाटाचा एकही नकाशा काढू नये, असं माझं ठाम मत आहे. एप्रिल-मे मध्ये वर्षाचा गहू आणि ज्वारी येते, कुरडया, पापड, शेवयांचे डबे भरतात, आणि कूलर बाहेर निघतो. हा कूलर उरलेले सात-आठ महिने कुठे राहतो, याचं उत्तर एकाही छापील नकाशात नसतं. तो मग जिन्याखाली, बाथरूमच्या माळ्यावर किंवा हॉलच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभा असतो. उन्हाळ्यात घर गच्चीवर झोपायला जातं, म्हणजे अंथरुणं रोज दोनदा जिना चढतात-उतरतात; गच्चीच्या दाराशी, जिन्याच्या डोक्यावर एक बंद कपाट असेल तर ही सगळी ओढाताण थांबते. जूनमध्ये खताच्या आणि बियाण्याच्या पिशव्या. दिवाळीच्या आसपास सोयाबीन. त्यामागून कापूस.

कापसाबद्दल थोडं थांबून लिहिलं पाहिजे. २०२१-२२ च्या हंगामात कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला. पुढच्या वर्षी तोच भाव येईल म्हणून शेतकऱ्यांनी कापूस घरात भरला, आणि भाव न आल्याने तो महिनोन्महिने घरातच राहिला. नव्या बांधलेल्या घरांचे हॉल छतापर्यंत भरले. सोफा अंगणात, टीव्ही स्वयंपाकघरात आणि माणसं उरलेल्या एका खोलीत. कापसातल्या किडीने लेकरांच्या अंगाला खाज सुटली. ठिणगीची भीती वेगळीच. जागा किती चटकन काम बदलते याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही, पण ही वेळ घरावर लादलेली होती. शेतकऱ्याच्या घराचा नकाशा करणाऱ्याने हे दरवर्षी होऊ शकतं असं धरूनच चालावं. रस्त्याच्या बाजूने स्वतंत्र रुंद दार, समोरासमोर वर झरोके, आत विजेचं एकही बटण नाही, आणि स्वयंपाकघरापासून लांब, अशी एक खोली शेतकऱ्याच्या घरात हवीच. कापूस गेला की तीच लग्नाच्या पाहुण्यांची, मुलीच्या अभ्यासाची किंवा भाड्याने द्यायची. जुनं ढाळज इथे नव्या कामाला लागतं.

आणि पाणी. नळाला पाणी रोज येत नाही, उन्हाळ्यात टँकरवर भागवावं लागतं, त्यामुळे इथल्या घरातली पहिली साठवण पाण्याची. निळे ड्रम मोरीत, गॅलरीत, कधी हॉलमध्ये. अंगणाखालचा हौद बहुतेक जण करतात, पण त्याचं झाकण नेमकं गाडी उभी राहते तिथे येतं. ओट्याखालची किंवा न्हाणीघराच्या बैठकीखालची बांधीव टाकी हा अगदी साधा उपाय आहे. मात्र भरलेलं पाणी लिटरला एक किलो वजनाचं असतं, म्हणून वरच्या मजल्यावर अशी टाकी बांधायची तर आधी इंजिनिअरला विचारावं.

हा विषय आत्ताच का, असं कुणी विचारलं तर मी घरकुलाकडे बोट दाखवीन. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट आहे, स्वयंपाकाच्या जागेसकट. गावोगाव अशी घरं उभी राहत आहेत. एक खोली, एक स्वयंपाकाची जागा. यात दोन पिढ्या, वर्षाचं धान्य, शेतीची अवजारं आणि दहावीतलं पोर बसवायचं आहे. सजावटीच्या पुस्तकांनी या घराकडे आजवर पाहिलंच नाही. आणि खरं तर न दिसणाऱ्या साठवणीची सर्वांत जास्त गरज इथेच आहे. बांधतानाच आतल्या भिंतीत चार कोनाडे सोडले, स्वयंपाकाच्या जागेवर माळा टाकला, खिडकीखाली रुंद ओटा बांधून त्याच्या पोटात दोन कप्पे केले, तर वाढीव खर्च थोड्या विटांचा आणि चार कडप्प्यांचा येतो. नंतर करायला गेलं तर सुतार, प्लाय, सनमायका आणि कर्ज.

शहरात उलटं चित्र आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मुलं पुण्या-मुंबईहून चटकन येतात-जातात, तिथल्या फ्लॅटचे फोटो आणतात, आणि भोकरदन नाक्यापलीकडच्या नव्या बंगल्यातही छतापर्यंत चकचकीत कपाटं चढतात. जमिनीला टेकलेलं स्वस्त प्लाय या काळ्या मातीच्या मुलखात वाळवीला आयतं अन्न आहे. खालची वीतभर उंची कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची घ्यावी, मोरीलगत भारतीय मानक ७१० चं पाण्यात टिकणारं प्लाय वापरावं, आणि पाया खणतानाच वाळवीरोधक औषध मारून घ्यावं. नैऋत्येला जड असावं हा वास्तुशास्त्राचा आग्रह पुष्कळ घरांत पाळला जातो. मला तो वेगळ्या कारणाने पटतो. उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊन दक्षिण-पश्चिम भिंतीला तापवतं, आणि त्या भिंतीला आतून लागलेलं, कपड्यांनी भरलेलं कपाट खोलीपर्यंत येणारी ती धग बरीच अडवतं.

लपवण्याच्या हौसेत काही गोष्टी जिवावर बेततात, आणि त्या पुस्तकात मी जागोजागी ठळक केल्या आहेत. गॅसची टाकी बंद कपाटात ठेवायची तर कपाटाला तळाशी जाळी हवीच, कारण गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. विजेचा मुख्य बोर्ड कपड्यांच्या कपाटात झाकू नये. लहान मुलं असलेल्या घरात वरून मिटणाऱ्या मोठ्या पेटीला आपोआप बसणारी कडी नसावी आणि हवेची भोकं असावीत. आणि शेतीची औषधं: फवारणीच्या बाटल्या आजही स्वयंपाकघराच्या फडताळात, तेलाच्या डब्याशेजारी दिसतात. त्यांची जागा घराबाहेर, कुलपात, किल्ली एका जबाबदार माणसाकडे. मराठवाड्यातल्या घरात या एका कुलपाने माणूस वाचू शकतो, हे मी अतिशयोक्ती न करता लिहिते आहे.

पुस्तकाची रचना या सगळ्यातून आली आहे. ते खोलीवार नाही. स्वयंपाकघर, शयनगृह, दिवाणखाना अशी प्रकरणं केली की वाचक आपल्याकडे नसलेल्या खोलीचं पान उलटतो. त्याऐवजी ते वस्तूंच्या मागे जातं: धान्य, पाणी, अंथरूण, कपडे, कागदपत्रं, अवजारं, देव, आणि वर्षातून एकदाच लागणारं सामान. मग माणसांच्या मागे: नवी सून, अभ्यास करणारं पोर, गुडघे दुखणारी आजी, शिवणकाम करून चार पैसे मिळवणारी घरची बाई, जिला मशीन रोज उचलून ठेवावं लागू नये. घरकुल, शहरातलं रो-हाउस आणि वाटणीत मिळालेली वाड्याची एक बाजू, अशा तीन घरांवर हे सगळं लावून दाखवलं आहे. जुन्या वाड्यांची काही मापं आणि रेखाटनं आहेत, कारण ते वाडे वेगाने पडत आहेत आणि पडलेल्या वाड्याचं बळद मोजता येत नाही.

मापं फूट-इंचांत दिली आहेत, कारण आपल्या गवंड्याची आणि सुताराची बोली ती आहे. भाव दिलेले नाहीत. छपाई होईपर्यंत ते बदलतात. रंग, पडदे, शोभेच्या वस्तू यांविषयी या पुस्तकात काही मिळणार नाही, आणि ज्यांना घराचे फोटो पाहून निवड करायची आहे त्यांची थोडी निराशा होईल. रेखाटनं गवंड्याच्या हातात देता येतील अशी आहेत.

शेवटी बारा महिन्यांचा एक कोरा तक्ता जोडला आहे. कोणत्या महिन्यात घरात काय येतं, किती पोती, किती डबे, ते कुठे ठेवलं जातं, कोण उचलतं आणि रात्री कोण कुठे झोपतं, एवढेच रकाने. नकाशा काढायला देण्याआधी तो भरावा, आणि घरात ज्या व्यक्तीच्या हातून ही सगळी उचल-ठेव रोज होते तिनेच तो भरावा. घरमालकाने नंतर वाचावा.